सगळ्यात जास्त चुकणारी सिस्टर

आमच्या हॉस्पिटलात आजवर सगळ्यात जास्त चुका कुठल्या सिस्टरने केल्या, असं कागदांवरून शोधायला गेलात तर एकच नाव निघेल. पानंच्या पानं निघतील. आणि त्याच हॉस्पिटलातल्या कुठल्याही सर्जनला विचारा, की बाबा रे, उद्या तुझ्या स्वतःच्या आईचं ऑपरेशन असलं तर शेजारी कोण उभी हवी? तरीही तेच नाव निघेल.

मी तिची इन्चार्ज. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटर, म्हणजे आमच्या बोलण्यात ओटी, मी एकोणीस वर्षं सांभाळली. खडूस म्हणून माझी ख्याती होती. मला ते ठाऊक होतं आणि मी त्याचा उपयोगही करून घ्यायची. मला न घाबरणारी ती एकटीच. बरं, उद्धट म्हणावी तर तसंही नाही. उद्धट माणसाला निदान झापता तरी येतं.

ओटीत एक वही असते. कुणाच्या हातून काही चुकलं तर ज्याचं त्याने त्यात लिहायचं, असा नियम. नियम आपला भिंतीवर चिकटवण्यापुरता. लिहिलं की मेमो येतो, मेमो आला की पगारवाढ अडते. मग कोण शहाणा लिहील? वर्षानुवर्षं ती वही ड्रॉवरमध्ये कोरी पडून असायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आमच्या ओटीत चुकाच होत नाहीत, असं मी मीटिंगमध्ये छाती काढून सांगायची.

ही आली आणि लिहायला लागली. ‘आज सरांनी मागितली त्यापेक्षा वेगळी कात्री दिली. लगेच बदलली.’ ‘आज ट्रॉली लावायला चार मिनिटं उशीर.’ ‘आज मावशींवर उगाच आवाज चढवला.’ हेसुद्धा!

मी म्हटलं, “अगो बाय माझे, ही ओटीची वही आहे, तुझी रोजनिशी नव्हे.”

“सिस्टर, मी ओरडले म्हणून मावशींनी घाईत अवजारांच्या डब्याचं झाकण अर्धवट लावलं. मग ते लिहायला नको?”

मी तोंड फिरवून चहा प्यायले.

तिला दर दोन-तीन महिन्यांनी मेमो यायचा. ती तो वाचायची, नीट घडी घालायची, डब्याच्या पिशवीत ठेवायची आणि पुन्हा लिहायची. मुली हसायच्या. ‘आली चित्रगुप्ताची बहीण,’ म्हणायच्या. ती त्यांच्याबरोबर हसायची.

बोलायची कमी, पण जे बोलायची ते दोनदा. समोरच्याने काही सांगितलं की आधी त्याचंच वाक्य त्याला परत करायची. मी फोनवर म्हणायची, रविवारी जेवायला ये. तिकडून यायचं, “म्हणजे रविवारी, दुपारी एक, लालबागला, कोंबडी-वडे. बरोबर?” मी म्हणायची, “बरोबर गो, सही करून देऊ का?” पाणीपुरीच्या गाडीवर भैयाने पुरी हातात दिली की मोठ्याने आकडा. चार झाल्या. पाच झाल्या. एकदा त्याने सहाच्या जागी सात दिल्या तर हिने परत दिली. असली बाई! तिच्याबरोबर पाणीपुरी खाण्यातली मजाच जायची.

पण टेबलाशी ती उभी असली की माझा जीव शांत असायचा. एकदा पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. आमचे मोठे सर, म्हणजे ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने शिकाऊ डॉक्टर सरळ उभे राहतात ते, टाके घालायला निघाले. पोट बंद करण्यापूर्वी वापरलेले सगळे कापडी तुकडे मोजायचे असतात. आत एक राहिला तर पेशंटचं कल्याणच. हिने मोजले. एक कमी.

“सर, बंद नाही करायचं. एक कमी आहे.”

“आत काही नाही. मला माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणू नका सर. बघितलंय म्हणा.”

मला घाम फुटला. सरांनी हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पोटात हात घातला. आत खरंच काही नव्हतं. ही खाली बघत होती. म्हणाली, “सर, जरा उजवा पाय उचला.”

तुकडा सरांच्याच सपातेखाली चिकटलेला. सर आधी लाल झाले आणि मग इतके हसले की त्यांना हात थांबवावा लागला. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. आणि संध्याकाळी वहीत नोंद कोणाची? हिचीच. ‘तुकडा खाली पडताना माझं लक्ष नव्हतं.’

आता विमानाचं सांगते. माणसं विचारतात, ओटीतली सिस्टर पायलट कशी झाली, लहानपणापासूनचं स्वप्न होतं का? कसलं आलंय स्वप्न. वरळीच्या बीडीडी चाळीतली पोर ती, वडील मिलमध्ये होते, ते लवकर गेले. आईने घरी शिवणकाम करून दोन मुलं मोठी केली. विमान म्हणजे चाळीच्या वरून आवाज करत जाणारी वस्तू, एवढाच संबंध.

झालं असं, की एक म्हातारे गृहस्थ गुडघा बदलायला आले. निवृत्त वैमानिक. कमरेखालचाच भाग बधिर केला होता, त्यामुळे माणूस टेबलावर टक्क जागा. दोन तास पडद्याआड पडून ते हिचं मोजणं ऐकत होते. एक मुलगी मागे उभी राहून आकडा म्हणते, ही परत म्हणते, मग दोघी मिळून बघतात, मगच पुढे. ऑपरेशन संपल्यावर म्हणाले, “पोरी, आमच्या कॉकपिटमध्ये अगदी हेच चालतं. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने बघून उत्तर द्यायचं. तू चुकीच्या खोलीत उभी आहेस.”

ते गमतीने बोलले असतील. हिने रिकव्हरी रूममध्ये जाऊन त्यांना विचारलं, “वयाची अट किती?”

अडतीस वर्षांची होती ती तेव्हा.

म्हाताऱ्याने सांगितलं, शरीर तपासणीत पास झालीस तर वय आड येत नाही. पण बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतं. हिने नर्सिंगला जायचं म्हणून अकरावीतच गणित सोडलेलं. झालं! दुसऱ्या महिन्यापासून चेंजिंग रूममध्ये बारावीचं गणिताचं पुस्तक. घरी अभ्यास करून बाहेरून देता येते ती परीक्षा असते ना, तिचा फॉर्म भरला. अडलं की शिकाऊ डॉक्टरांना धरायची. ते बिचारे मान खाली घालून पळायचे, कारण त्यांनीही गणित केव्हाच सोडलं होतं. शेवटी भूल देणाऱ्या एका मॅडमनी तिला शिकवलं, दोन ऑपरेशनच्या मधल्या वेळात, कागदी टोपीच्या आतल्या बाजूवर गणितं मांडून.

परीक्षेला सगळी सतरा-अठरा वर्षांची मुलं. वर्गावरच्या सरांना वाटलं, ही कुणाची तरी आई आहे, बाहेर थांबा म्हणाले. हिने हॉल तिकीट दाखवलं. ते वाचून सर म्हणाले, “बसा, मॅडम,” आणि तीन तास तिच्या बाकाकडे फिरकलेच नाहीत, कॉपी तपासायलासुद्धा.

मी काय केलं त्या काळात? लपवत नाही. मी तिला अडवलं. लग्नाचं वय गेलं, आता नोकरीही घालवतेस का, म्हटलं. वेड लागलंय का, म्हटलं. आईचा विचार कर, म्हटलं. खरं कारण वेगळंच होतं. तिच्यासारखी दुसरी मला मिळाली नसती. मला माझी ओटी सांभाळायची होती, तिचं आयुष्य नव्हे. एकदा तर मी थेट तिच्या आईला गाठायला वरळीला गेले. म्हातारी मशीनवर बसली होती. बुद्धाच्या तसबिरीखाली भिंतीला टेकवून विमानाची कसलीशी पुस्तकं रचून ठेवलेली. माझं सगळं ऐकून घेतलं तिनं. मग दोरा तोडला आणि म्हणाली, “बाई, शिकते म्हणाली ना ती? मग ‘कशाला’ हा प्रश्न आमच्या घरात चालत नाही. चहा ठेवू?”

मी चहा पिऊन परत आले.

पैसा कुठून आणला ते मी इथे उगाळत नाही. अठरा वर्षांची साठवण, बँक आणि भाऊ, एवढं पुरे. ती विदर्भातल्या एका गावाबाहेरच्या फ्लाइंग स्कूलला गेली. तिच्या बॅचची पोरं वीस वर्षांची. आधी दीदी म्हणायची, मग आंटी, आणि पहिल्या परीक्षेच्या निकालानंतर ताई. दर रविवारी तिचा फोन यायचा. आभाळ कसं दिसतं, वरून शेतं कशी दिसतात, असलं काही सांगायची नाही. एकदा म्हणाली, “सिस्टर, आज विमान जरा जोरात टेकलं. कुणाच्या लक्षात नाही आलं. मी ऑफिसात जाऊन लिहून दिलं.”

“अगं गाढवे! तिथेही?”

“चाकं तपासायला नको? माझ्यानंतर त्याच विमानात एक पोरगा बसणार होता.”

विमान दिवसभर उभं राहिलं. सगळ्या पोरांची उड्डाणं बुडाली. चार दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही, मेसमध्ये एकटी जेवली. हे सांगताना तिचा आवाज जरा ओला झाला होता. मला माझ्या लालबागच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडू आलं. पाचव्या दिवशी एक पोरगी तिच्या खोलीत आली आणि म्हणाली, ताई, माझं पण परवा असंच टेकलं होतं, कसं लिहायचं ते दाखवा.

परवाना मिळाला तेव्हा ती बेचाळीस वर्षांची झाली होती. आम्ही ओटीत पेढे वाटले. पण परवाना म्हणजे नोकरी नव्हे. अर्ज करायची, उत्तर यायचं नाही. आलं तर वय बघून यायचं. एक वर्ष गेलं. दिवसा फ्लाइंग स्कूलच्या ऑफिसात फायली लावायची, मिळेल तेव्हा उडायची. आवाजातला जोर कमी व्हायला लागला. मी एकदा म्हणाले, “परत ये गो, तुझी जागा आहे.” तिने पहिल्यांदाच माझं वाक्य मला परत केलं नाही. तेव्हा मला भीती वाटली.

आणि मग एका छोट्या विमान कंपनीने तिला निवडलं. छोट्या शहरांना जाणारी पंख्याची विमानं. परीक्षा झाली, मुलाखत झाली, मेडिकल झालं. आता फक्त मागच्या नोकरीची चौकशी राहिली होती. हे गेलं तर दुसरं काही येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

आमच्या एचआरमधल्या मुलीने मला खाली बोलावलं. माझ्या निवृत्तीला आठ दिवस होते. मुलगी काळजीत दिसत होती. “सिस्टर, यांचा रेकॉर्ड फारच खराब आहे हो. इतके मेमो मी कुणाचेच बघितले नाहीत. कंपनीने मागितलंय म्हटल्यावर पाठवावं तर लागेल. आणि हे एक तर बघा.”

तिने बोट ठेवलं त्या नोंदीवर. मला वाचायची गरज नव्हती.

एका बाईच्या छातीतली गाठ काढून तपासायला पाठवायची होती. बाटलीवर पेशंटच्या नावाचं लेबल लावायचं असतं, तेही गाठ बाटलीत पडल्यावर, नाव वाचून. त्या दिवशी सात ऑपरेशनं होती. वेळ वाचावा म्हणून मी सकाळीच सगळ्या बाटल्यांना लेबलं चिकटवून ठेवली. मी, इन्चार्जने. मधलं एक ऑपरेशन रद्द झालं, क्रम सरकला, आणि एकीची गाठ दुसरीच्या नावावर लॅबमध्ये गेली. लॅबवाल्याला शंका आली म्हणून निभावलं. नाहीतर धडधाकट बाईला कॅन्सर आणि आजारी बाईला घरी जा. हिने वहीत लिहिलं, ‘बाटलीवरचं नाव वाचून न बघता बाटली पुढे दिली. चूक माझी.’ मोठा मेमो आला, वर्षाची वाढ गेली. लेबलं आधी कुणी चिकटवली, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ती एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी तिचाच फोन. “सिस्टर, कंपनीतून तुम्हाला फोन येईल. जे आहे ते सांगा हं.”

जे आहे ते! घरात टेबलावर निरोपसमारंभाच्या मानपत्राचा मसुदा पडला होता, मेट्रनने वाचायला दिलेला. त्यात ‘चौतीस वर्षांची निष्कलंक सेवा’ असं छापायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मराठी गृहस्थ, आवाज मऊ, पण प्रश्न टोकदार. “मॅडम, या सिस्टरच्या नावावर एवढ्या चुका आहेत. तुमच्या ओटीतल्या बाकीच्या सिस्टर्सच्या किती?”

“एकही नाही.”

“एकही नाही? म्हणजे बाकीच्या चुकत नव्हत्या?”

मी खुर्चीवर बसले. म्हटलं, “चुकत होत्या. सगळ्या चुकत होत्या. लिहीत नव्हत्या. ही एकटी लिहायची.”

“आणि हे लेबलचं प्रकरण? हे साधं नाही.”

“नाही. साधं नाही. ती लेबलं मी चिकटवली होती साहेब. सकाळीच. तिने वाचायला हवं होतं हे खरं, पण खड्डा मी खणून ठेवला होता. आणि आजपर्यंत हे मी कुणाला सांगितलेलं नाही.”

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “राग मानू नका. हे तुम्ही तिला नोकरी मिळावी म्हणून सांगताय, की खरंच तसं झालं होतं?”

माझा पारा चढला. “अहो, तिच्यासाठी खोटंच बोलायचं असतं तर दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं ना! आठ दिवसांनी माझा सत्कार आहे इथे!”

“मी हे तुमच्या नावानिशी कागदावर घेऊ?”

मी म्हटलं, “घ्या. इनिशियलसकट घ्या.”

त्या कागदाची प्रत हॉस्पिटलात आली आणि मेट्रन निरोपसमारंभापर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. मानपत्रातून एक शब्द गेला आणि ‘चौतीस वर्षांची सेवा’ एवढंच उरलं. मला वाटलं होतं त्याच्या निम्मंसुद्धा वाईट वाटलं नाही.

नोकरी तिला मिळाली. त्या गृहस्थांनी तिला सांगितलं म्हणे, की आम्हाला न चुकणारी माणसं नकोत, ती भेटतही नाहीत. चुकलं तर उतरल्याबरोबर सांगणारी हवीत. रुजू होण्याआधी ती लालबागला जेवायला आली. चौरेचाळिसाव्या वर्षाला टेकलेली बाई, पण नव्या युनिफॉर्मची मापं घ्यायला गेल्याचं सांगताना तोंड असं फुललेलं, जणू शाळेत निघालेली पोर. मी वडा तिच्या ताटात टाकला आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं.

“तेव्हा का नाही बोललीस? लेबलं माझी होती, तुला ठाऊक होतं ना?”

“होतं की.”

“मग?”

“तुमची चूक मी कशी लिहिणार सिस्टर? ती तुमची होती.” तिने रस्सा ओढून घेतला. “माझ्या नोंदीखाली तुमच्यासाठी अर्धं पान सोडलं होतं मी. पुढचं सगळं नवीन पानावर घेतलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी लिहिलं असतं.”

मी ताट बाजूला सारलं. ती मात्र व्यवस्थित जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात गेले. गेटवर नवा वॉचमन, मला ओळखेना. पेशंटसारखी रांगेत उभी राहून पास काढला. नव्या इन्चार्जने जुनी वही काढून दिली, काही न विचारता. एकोणीस वर्षं माझ्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती ती, पण तिच्या मेमोवरची नक्कल तेवढी मी वाचलेली, ते पान एकदाही उघडलं नव्हतं. पान सापडलं. तिचं बारीक, सरळ अक्षर, खाली ‘चूक माझी’, आणि त्याच्याखाली अर्धं पान कोरं. कागदाची एक ओळ वाया न घालवणारी बाई ती.

मी पेन मागून घेतलं, आजची तारीख टाकली आणि लिहिलं, ‘वरील प्रकरणी बाटल्यांना लेबलं मी आधीच चिकटवून ठेवली होती. नोंद करायला मला फार उशीर झाला.’ खाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि सही केली.